उजेडाला पाणी

करणने जुनी शाळेची बस विकत घेतली आणि तिचं घर करून तांड्यावर आणली, तेव्हा शेजारच्या किसनसिंगकाकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावून पाहिला आणि विचारलं, "जवाई, हे घर हाये का गाडी? घर असन तं याले टायर काहून, आन् गाडी असन तं आत चूल काहून?"

"दोन्ही हाये, काका."

"मंग पट्टी कुठी भरतं, ग्रामपंचायतीत का आरटीओत?"

सगळे हसले. करणही हसला. मी हसले, पण माझं लक्ष बसच्या मागच्या बाजूला होतं. तिथे करणने वीज घ्यायचं सॉकेट बसवलं होतं आणि माझी चार वर्षांची मंजू त्याच्या झाकणाशी उघड-मीट खेळत होती.

करण ऊस तोडायचं यंत्र चालवतो. दिवाळी झाली की सांगली-कोल्हापूरकडे जातो आणि ऊन तापल्यावर परत येतो. मागचे हंगाम मी आणि मंजू वाशिमला भाड्याच्या खोलीत काढले. तिच्या लेखी बाप म्हणजे संध्याकाळी फोनमध्ये दिसणारा माणूस. एकदा शेजारच्या काकू आल्या, तर हिने फोन उचलून त्यांना दाखवला, "हे बघा, यात माझे बाबा असतात." त्या दिवशी मी ठरवलं की यंदा सोबत जायचं. म्हणून ही बस. सीटं काढून पलंग टाकला, फळ्या मारल्या, गॅस, छोटा फ्रिज, पंखा, कूलर. जिथे मुक्काम पडेल तिथल्या शेतकऱ्याकडून किंवा कारखान्याच्या आवारातून वायर ओढायची, मागे लावायची, की घर सुरू.

त्या वायरीनेच माझी झोप उडवली होती. गावोगावचं पाणी बदललं की लेकरांची पोटं बिघडतात, हे सगळ्या आयांना ठाऊक असतं. गावोगावची वीज बदलली की काय होतं, ते कोणी सांगत नाही. म्हणून निघायच्या आधी काही दिवस बस जऊळक्याकडच्या आमच्या तांड्यावर, माझ्या माहेरी उभी करायची आणि बाच्या घरून वीज घेऊन सगळं चालवून पाहायचं, असं मी करणकडून कबूल करून घेतलं होतं.

बा म्हणजे माझे वडील, भाऊसिंग, मंजूचे नाना. याडी म्हणजे आई, धनीबाई. याडीचं म्हणणं वेगळंच होतं.

"तुमी दोघं जा ना खुशाल. लेकरू ठेवा इथी. त्या गाडीत कायले हाल करता तिचे?"

"याडी, मी तिच्यासाठीच चालले आहे."

"तू नाही का राह्यली इथी? काही झालं का तुले?"

राहिले होते. मी दोन्ही पाहिलंय. आधी सोबत नेलेलं लेकरू होते, मग मागे ठेवलेलं. लहान होते तोवर याडी-बा मला ऊसतोडीला घेऊन जायचे. उसाच्या पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, तिला येणारा गोडसर कुबट वास, पहाटे याडी उठली की अंगावरून निघून जाणारी तिची ऊब, आणि मग उसाच्या फडाच्या कडेला चादरीत गुंडाळलेली मी. थंडीने दात वाजायचे. पण डोळे उघडले की याडी दिसायची, कोयता चालवताना वाकलेली, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून माझ्याकडे पाहणारी. ते पाहणं मला अजून आठवतं. मी मंजूकडे तसंच पाहते, करण म्हणतो.

मग शाळेत नाव घातलं आणि मला आजीजवळ ठेवलं. मी तिसरीत असताना आमच्या घरात वीज आली. एकच बल्ब. संध्याकाळ झाली की तो मावळायचा, विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. त्या वर्षी बा तोडीहून परत आला आणि त्याने घरामागे मोरीच्या बाजूला एक लोखंडी पहार जमिनीत खोल ठोकली. तिला वायर बांधून ती घरातल्या बोर्डाला जोडली.

"पाय रेणू," तो मला म्हणाला, "एक तार करंट घेऊन येते, दुसरी वापस नेते. आपली वापस नेनारी तार थकली हाये. म्हून म्या जमिनीले सांगतलं, बाई, तू ने."

मला वाटलं, त्याने खरंच जमिनीला सांगितलंय. आणि जमीनही ऐकत होती. बल्ब लख्ख झाला. फक्त तिला तहान लागायची. पहारीभोवतीची माती सुकली की बल्ब पुन्हा पिवळा पडायचा. तांब्याभर पाणी ओतलं की डोळ्यांदेखत उजेड वाढायचा.

ते काम माझं झालं. "रेणू, उजेडाले पानी घाल." मी ओतायची आणि मागूनच ओरडून विचारायची, "आला का?" आतून बा म्हणायचा, "आला, आला." दसरा झाला की ते दोघं निघून जायचे आणि मग मी कुणी न सांगता पाणी घालायची. बल्ब चांगला लागलेला असला तरी. आमच्याकडे उजेड जास्त पडला की तिकडे कोपीतही थोडा पडत असेल, असं मला वाटे. कोपीत वीज नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरीही वाटे.

पुढे वाशिमला बी.एस्सी. करताना पुस्तकात वीज परत जायची वाट शिकले आणि आमच्या पहारीचं शास्त्र कळलं. कधी शाळा न पाहिलेल्या बाला हे कसं सुचलं असेल, याचंच मला कौतुक वाटलं होतं.

बस लावली त्या संध्याकाळी बाने तांब्या भरून मंजूच्या हातात दिला. "जाय, उजेडाले पानी घाल."

मी चकित झाले. मधल्या काळात नवे पोल आले होते, मीटर बदललं होतं. "बा, पहार अजून आहे?"

"कुठी जाते ती?"

मंजू दोन्ही हातांनी तांब्या धरून, अर्धं पाणी स्वतःच्या पायांवर सांडत मागे गेली. "आला का?" तिने विचारलं. कुणी न शिकवता, अगदी माझ्यासारखं. "आला, आला," बा म्हणाला. मी फोन काढून व्हिडिओ घेतला. डोळे भरून आले होते, म्हणून तो हललेला आहे.

पाणी घालून ती ओल्या पायांनी बसकडे पळत आली, दाराची दांडी धरली आणि लगेच सोडली.

"आई, गाडीला मुंग्या आहेत."

मी तिचा हात पाहिला. काही नव्हतं. याडी म्हणाली, "लाल मुंग्या असतील. तुमी गुळाचा डबा ठेवला ना आत." तिने चाकांच्या भोवती हळद टाकली, पायरीवर राख टाकली. सकाळी मंजू ठीक होती, पाच वेळा चढली-उतरली. दुपारी पुन्हा दांडी धरली आणि हात झटकला. "मुंग्या."

करणने चपलेचा पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली, दार हलवून पाहिलं. "काहीच नाही. रेणू, तिला बसमध्ये झोपायचं नाही, हे नाटक आहे."

"मी नाटक नाही," मंजू म्हणाली.

याडीने मालेगावहून आणलेली मुंग्यांची पावडर काढली आणि बसभोवती जाड पांढरी रेघ ओढली. किसनसिंगकाका ओट्यावरून पाहत होते. "धनीबाई, रांगोळी मस्त जमली. आता लक्ष्मी गाडीतच येते का घरात, ते ठरवा."

"तुमच्या घरात तं दोन्हीकडून येत नाही," याडी म्हणाली.

मी हसले नाही. मी मंजूला पाहत बसले. माझी खोड आहे ती. मुंग्या तिला फक्त बाहेरून चावत होत्या, आत कधीच नाही. पायात चप्पल असली की चावत नव्हत्या. सकाळी नाही. दुपारी कूलर लावला आणि याडीने घरात पिठाची घरघंटी सुरू केली, की चावत होत्या. आणि चावल्याची खूण कुठेच नव्हती.

मी तिला मांडीवर घेतलं. "मंजू, मुंगी कुठे चावली ते दाखव बरं."

"चावत नाहीत."

"मग?"

"आत चालतात." तिने तळव्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "अशा. इथून इथपर्यंत."

मला मांडीतलं लेकरू एकदम जड वाटायला लागलं. पाय अवघडला की आपण म्हणतो, मुंग्या आल्या. तिला तोच शब्द माहीत होता, तिने तोच वापरला होता. आम्ही सगळी शहाणी माणसं मात्र दोन दिवस हळद घेऊन मुंग्या शोधत होतो.

"कुणी गाडीला हात लावू नका," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण याडी घरघंटी सोडून बाहेर आली.

करण म्हणाला, "अगं, आत सेफ्टीचा खटका बसवलाय. मालेगावच्या माणसाने माझ्यासमोर तपासून दिला. जरासा करंट गळाला की तो पडतो. पडला का?"

"नाही."

"मग?"

"पहिल्या दिवशी वायर जोडून तू टेस्टर लावलास, तेव्हा कूलर चालू होता?"

"बंद होता."

"लाव. याडी, तू घरघंटी लाव."

करणने बसच्या लोखंडी पायरीला टेस्टर टेकवला. त्याच्या मुठीत, दिवसाउजेडीही दिसेल असा नारिंगी ठिपका उमटला. त्याने आधी मंजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग घरात जाऊन बटण बंद केलं आणि वायर काढून आणली. तिचं तीन पिनांचं डोकं एका बाजूने तपकिरी पडलं होतं, तेही तेव्हाच दिसलं.

खटका पडला नव्हता, कारण बसमध्ये काही गळतच नव्हतं. मला ते मोरीजवळ उभी राहिल्यावर नीट कळलं. बसच्या पत्र्याला जोडलेली हिरवी वायर चुकलेला करंट जमिनीत नेण्यासाठी असते. ती आमच्या सॉकेटमधून बाच्या बोर्डात येत होती आणि तिथून याच पहारीला. आणि याच पहारीतून बाच्या घराचा सगळा वापरलेला करंट जमिनीत जात होता. माती सुकली होती. जमिनीला जेवढा करंट गिळवेना, तेवढा हिरव्या वायरीने उलटा चढून बसच्या पत्र्यावर येऊन बसत होता. जी वायर माझ्या लेकराला वाचवायला होती, त्याच वायरीने तो तिच्यापर्यंत आला होता.

"बा, ही पहार सोडवावी लागेल."

बा खाटेवर बसला होता. "काहून?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू लहान व्हती तवा रोज हात लावे इले. पानी घाले. तुले काय झालं?"

"तेव्हा एक बल्ब होता, बा. आता फ्रिज आहे, घंटी आहे, आणि वरून आमचं घर. आणि तेव्हा पहारीला बांधलेली लोखंडाची बस नव्हती."

"बी.एस्सी. झाली तं जमीन शिकवाले आली मले." तो उठला आणि पाठ करून उभा राहिला. "इतकी वर्सं चाललं. तुमची गाडी खराब हाये. तिच्यात पाहा."

मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. त्या पहारीवर माझाही जीव होता. मी लहान असताना बा घरी नसायचा, तेव्हा बाची म्हणावी अशी तीच एक वस्तू घरी असायची. पण मंजू करणच्या कडेवर होती आणि आपला हात पुन्हा पुन्हा पाहत होती.

"एकदा फक्त पाहू," मी म्हणाले. "मेन बंद करते, पहारीची वायर बोर्डातून काढते, मग मेन लावते. पोलावरची तार ठीक असली तर घर चालेल. मग मी तुला काहीच बोलणार नाही. नाही चाललं, तर तू मला बोलू नकोस."

बा बाजूला सरकला. मी मेन पाडला, फ्यूज काढून करणच्या खिशात दिला, टेस्टरने पुन्हा पाहिलं, वायर सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली. मग फ्यूज बसवून मेन वर केला.

काहीच झालं नाही. पंखा हलला नाही, फ्रिज गुरगुरला नाही. बाने स्वतः जाऊन बल्बचं बटण दाबलं, परत दाबलं. पोलावरून येणारी परतीची तार केव्हाच मेली होती. किती काळापासून, कोण जाणे. सगळं घर, घंटी, फ्रिज, सगळं त्या एका पहारीवर चाललं होतं, आणि ती तहानली की बा तिला पाणी पाजत होता.

"म्हून मोरीत आंघोळ करताना मले कधी कधी झिनझिन लागे," याडी हळूच म्हणाली.

बाने तिच्याकडे पाहिलं. "बोलली नाही कधी."

"म्हतलं, थंडी असन."

ओट्यावरून किसनसिंगकाका म्हणाले, "आन् लेकरू सुखरूप राहीन म्हून इथी ठेवून घेत व्हत्या धनीबाई." याडी मेणबत्ती शोधायला आत गेली. त्या दिवसापासून मंजूला इथे ठेव, हे ती पुन्हा बोलली नाही.

रात्र आम्ही मेणबत्तीवर काढली. सकाळी वायरमन ग्यानबा आला, लाइन बंद करून पोलावर चढला. "तार नुसती टेकून व्हती, दादा," तो वरून म्हणाला, "गंजून भुसा झाली." त्याने नवी तार कसून बांधली. लाइन सुरू झाल्यावर घरातला बल्ब लागला, आणि असा लागला की बाने डोळ्यांवर हात घेतला. मोरीच्या बाजूची पहार कोरडीच होती.

बा दुपारपर्यंत कुणाशी बोलला नाही. मला वाटलं, आता हंगाम संपेपर्यंत बोलणार नाही. मी करणसोबत वायरीचं डोकं बदलत बसले. नवं डोकं, पितळेच्या जाड पिना, आत तारा पिळून कसलेल्या. वायरीचं वेटोळं सगळं मोकळं करून अंगणात पसरलं, कारण गुंडाळलेल्या वायरीतून कूलर चालवला की ती तापते. करण म्हणाला, "प्रत्येक मुक्कामाला हेच करायचं?"

"प्रत्येक मुक्कामाला. आधी त्यांच्या सॉकेटला टेस्टर, मग आपली वायर, मग सगळं चालू करून पत्र्याला टेस्टर. मंजू तोवर माझ्या कडेवर."

"आणि एखाद्या शेतकऱ्याकडे तुझ्या बापाच्या घरासारखीच पहार निघाली तर?"

"तर आपण आपली जमीन वापरायची."

त्यासाठी बसच्या अर्थिंगचा वेगळा खड्डा करायचा होता. मी कुदळ आणायला मागे गेले, तर बा आधीच खोदत होता. बसच्या बाजूला, घरापासून लांब. कमरेइतका खोल गेला होता. शेजारी कोळसा आणि मिठाचं पोतं ठेवलेलं.

"पाइप आना," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "आन् जवाईले सांग, तिकडंबी असंच करजा. पन दगडाच्या जागी नोको. काळी माती पाहून."

पाइप उतरवला, कोळसा-मीठ भरलं, माती दाबली, बसची हिरवी वायर त्याला कसली. घराच्या बोर्डाशी तिचा आता संबंध नव्हता. मग वायर लावली, कूलर, फ्रिज, पंखा, आणि घरात याडीची घंटी, सगळं एकदम सुरू केलं. करणने पायरीला टेस्टर लावला. दांडीला लावला. मागच्या पत्र्याला लावला. ठिपका उमटला नाही. मी त्याच्या हातून घेऊन तेच सगळं पुन्हा केलं.

"चल मंजू," करण म्हणाला. "घरात."

मंजूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आता नाही येत मुंग्या."

ती मागे सरकली. करण तिला उचलायला गेला, तर मी त्याला थांबवलं. उचलून आत टाकता आली असती. पण सहा महिने ते तिचं घर असणार होतं. दाराला हात लावायला भिणारं लेकरू त्या घरात कसं राहिलं असतं? आणि खरं सांगायचं तर माझेही पाय जमिनीला चिकटले होते. टेस्टर काय म्हणाला, ते मला कळत होतं. 'हात लाव' हे मात्र माझ्या तोंडून निघत नव्हतं.

बा मोरीवर हातपाय धुऊन आला. चिखल गेला होता, पाणी निथळत होतं. चपला त्याने तिथेच सोडल्या होत्या. तो आमच्यामधून सरळ बसपाशी गेला, ओला अनवाणी पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीवरच ठेवला आणि दांडी मुठीत धरली.

"कोनती बाजू व्हती व, मंजू?"

"ती."

त्याने दुसरा हात तिथे लावला. असाच उभा राहिला, एक पाय वर, एक खाली, दोन्ही हात पत्र्यावर. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी मात्र त्याच्याकडेच पाहत होते.

"येतात का?" मंजूने विचारलं.

"नाही येत. लोखंड थंड हाये फकत."

"नाना, तिथेच थांबा."

"थांबलो."

ती पुढे आली. आधी तिने नानाच्या पायाच्या अंगठ्याला बोट लावलं. मग पायरीच्या कडेला. बोट तिथेच ठेवून वाट पाहिली. मग सगळा हात ठेवला आणि बाच्या काखेखालून वाकून, दांडी धरून आत चढली. आतून तिच्या उड्या मारण्याचा आवाज आला. बस हलायला लागली.

याडी घरातून मंजूची गोधडी घेऊन आली आणि खिडकीतून माझ्या हातात न देता सरळ आत सरकवली. "तिकडं थंडी लय असते," ती म्हणाली. "हे कानाले गुंडाळत जाय."

बा अजून तसाच उभा होता. आत मंजू दारापाशी आली, दोन्ही हातांनी दार ओढायला लागली.

"नाना, उतरा ना आता. मला दार लावायचंय."